कापसाच्या वाटेने जपान



जपानची संस्कृती, तेथील चालीरीती आणि रोजच्या बोलण्यातले चार शब्द यांची ओळख करून द्यावी, अशी या वसंत व्याख्यानमालेच्या चालकांची आज्ञा झाली. या विषयाला एखादा प्राध्यापक शोभला असता. माझे शिक्षण म्हणाल तर जिनाच्या फाटकावरचे आणि वाचनालयाच्या बाकावरचे. जपानशी माझा संबंध आला तो कापसाच्या गाठीतून, आणि आपल्या वर्धा जिल्ह्याचाही जपानशी पहिला संबंध त्याच वाटेने आला. म्हणून आजचा जपान मी तुम्हांला त्या वाटेने दाखविणार आहे.

आणखी एक कारण आहे. जपानचे नाव कामगारांच्या कानी बहुधा एकाच गोष्टीतून पडते. वेतनवाढीची बोलणी निघाली की मालकपक्षाकडून कोणीतरी सांगतो, "जपानी कामगार संप करीत नाही. त्याला राग आला तर तो दंडाला काळी फीत बांधतो आणि रोजच्यापेक्षा जास्त माल काढतो. नाहीतर तुम्ही!" ही गोष्ट मी तीस वर्षांत इतक्या तोंडांनी ऐकली आहे, की तिची झाडाझडती घेणे हे मी माझे कामच समजतो. माणसाची ओळख त्याच्या नमस्कारावरून होते तशी त्याच्या नकारावरूनही होते. जपानी माणसाचे दोन्ही पाहू.

नागपूर ते कोबे

जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. चार वर्षांनी, १८८१ मध्ये, आपल्या हिंगणघाटातही गिरणीचा भोंगा वाजू लागला. हिंगणघाटच्या बणी कापसाचे नाव त्या काळी विलायतेपर्यंत होते. पुढे ती बारीक, लांब धाग्याची जात मागे पडली आणि भरड पण जास्त उताऱ्याच्या जाती शेतात आल्या. वऱ्हाड-मध्यप्रांताच्या या कापसाला बाजारात 'ऊमरा' म्हणत. हा अमरावतीच्याच नावाचा अपभ्रंश.

हा आखूड धाग्याचा माल लँकेशायरला फारसा नको होता. तो हवा होता जपानला. ओसाका येथे शिबुसावा एइइची या उद्योगपतीच्या पुढाकाराने उभारलेली वाफेवर चालणारी मोठी सूतगिरणी १८८३ साली सुरू झाली. तिच्या चात्या होत्या १०,५००. तिच्यापाठोपाठ गिरण्या वाढल्या आणि घरचा कापूस पुरेनासा झाला. आखूड धाग्याच्या हिंदुस्थानी रुईत लांब धाग्याची अमेरिकन रुई ठराविक प्रमाणात मिसळून स्वस्त आणि चालणारे सूत काढण्याची विद्या तेथल्या कारागिरांनी हस्तगत केली. आपल्याकडचा शेतकरी ज्या मालाला भरड म्हणून कमी भाव घेत होता, त्याच मालावर एक राष्ट्र उद्योगात उभे राहिले.

मुंबईहून पूर्वेकडे जाणाऱ्या मालाची वाहतूक तेव्हा एका बलाढ्य ब्रिटिश आगबोट कंपनीच्या हाती होती आणि भाडे ती म्हणेल ते. १८९३ साली टाटा जपानला गेले, शिबुसावांना भेटले आणि निप्पॉन युसेन काइशा या जपानी कंपनीशी त्यांनी करार केला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबई-कोबे असा नवा जलमार्ग सुरू झाला. ब्रिटिश कंपनीने भाडे एकदम खाली पाडून नव्या मार्गाला बुडवू पाहिले. टाटांच्या बोटी त्यात फार टिकल्या नाहीत, जपानी कंपनी मात्र टिकली. कारण तेथल्या गिरणीवाल्यांनी एकजुटीने आपला सगळा माल तिच्याच बोटींतून आणला. मालक संघटित होतो तेव्हा त्याला दूरदृष्टी म्हणतात. कामगार संघटित झाला की त्याला काय म्हणतात, ते तुम्हांला ठाऊक आहे.

गिरणीत कोण होते?

या गिरण्यांत काम करीत होत्या बहुतेक मुली. जपानी गिरण्यांनी साध्या रिंग चात्या लवकर स्वीकारल्या आणि त्यांवर कोवळ्या, चपळ बोटांना बसविले. गावोगाव फिरणारा मुकादम गरीब शेतकऱ्याला आगाऊ रक्कम देई, बाप कागदावर शिक्का उमटवी आणि बारा-तेरा वर्षांची पोर दोन-तीन वर्षांसाठी गिरणीच्या वसतिगृहात जाई. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या असत. दिवसपाळीची मुलगी ज्या अंथरुणातून उठे, त्याच अंथरुणावर रात्रपाळीची येऊन पडे. कारखान्यांचा कायदा १९११ साली झाला, अमलात आला १९१६ साली, आणि स्त्रियांची रात्रपाळी बंद व्हायला १९२९ उजाडले.

या मुलींची कहाणी जगापुढे आणली ती होसोइ वाकिझो नावाच्या गिरणी कामगाराने. लहानपणीच शाळा सुटलेला, गिरणीत वाढलेला हा माणूस स्वतः वाचून शिकला आणि गिरणीतल्या स्त्रियांच्या दुःखाची हकीकत सांगणारा त्याचा ग्रंथ १९२५ च्या जुलैत प्रसिद्ध झाला. पुढच्याच महिन्यात, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, तो वारला. तो ग्रंथ आजही जपानात वाचला जातो.

त्या मुलींचे आणि आपले नाते कसे जुळते पाहा. जपानी कापड स्वस्त पडते म्हणून मुंबईचे गिरणीमालक सरकारकडे गेले. १९२७ च्या टॅरिफ बोर्डाने जपानातील स्त्रियांच्या रात्रपाळीची दखल घेतली. स्पर्धेचे कारण पुढे करून मुंबईच्या मालकांनी एका कामगाराकडे दुप्पट काम द्यायला सुरुवात केली, आणि १९२८ साली मुंबईचा सहा महिन्यांचा ऐतिहासिक सार्वत्रिक संप झाला. त्याच संपात गिरणी कामगार युनियन जन्मली. ओसाकातली एक पोर रात्री जागविली गेली म्हणून परळच्या कामगाराच्या माथी दुसरा साचा आला. दोघांची एकमेकांशी ओळख नव्हती, पण दोघांच्या हातात एकाच शेतातला कापूस होता.

१९३३ : एकाच हंगामातले दोन जपान

आता मी तुम्हांला एका सालाकडे नेतो. ते साल १९३३.

जागतिक मंदीने कापसाचे भाव आधीच कोसळले होते. जूनमध्ये हिंदुस्थान सरकारने ब्रिटनखेरीज इतर देशांच्या सुती कापडावरील जकात ७५ टक्क्यांपर्यंत चढविली. हा घाव मुख्यतः जपानवर होता. जपानी गिरणीवाल्यांनी उलट घाव घातला आणि हिंदुस्थानचा कापूस घ्यायचा नाही, असा बहिष्कार पुकारला. सप्टेंबरापासून सिमल्यात वाटाघाटी चालल्या. जानेवारी १९३४ मध्ये समेट झाला तो असा : जपानने दहा लाख गाठी उचलल्या तर त्याला ३२ कोटी ५० लाख वार कापड हिंदुस्थानात आणता येईल, पंधरा लाख गाठी उचलल्या तर ४० कोटी वार. म्हणजे ते सबंध पावसाळाभर आणि पुढे बोंड फुटून सीतादही होईपर्यंत, आपल्या शेतकऱ्याचा कापूस विकला जाणार की नाही याचा निर्णय सिमला आणि ओसाका यांच्यामध्ये लोंबकळत होता.

नेमक्या याच दिवसांत, ४ ऑक्टोबर १९३३ रोजी, वर्ध्यात महात्मा गांधींच्या भेटीला एक जपानी माणूस आला. पिवळी वस्त्रे, मुंडन केलेले डोके आणि हातात पंख्याच्या आकाराचा लहान डफ. त्याला गाठींचा भाव ठरवायचा नव्हता की कापड विकायचे नव्हते. त्याचे नाव निचिदात्सु फूजी. आपल्याकडे ते फूजीगुरुजी म्हणून ओळखले जातात. ६ ऑगस्ट १८८५ रोजी कुमामोतो प्रांतात शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. बुद्धाचा धर्म ज्या भूमीतून आला त्या भूमीला तो परत अर्पण करावा, या ध्यासाने ते १९३१ साली कलकत्त्याला उतरले होते.

गुरुजींचे शिष्य भिक्षू पुढे आश्रमात राहिले. पहाटे डफाच्या ठेक्यावर चाललेला त्यांचा मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत दाखल झाला, आणि सेवाग्रामला प्रार्थनेला गेलेल्या प्रत्येकाने तो ऐकलेला आहे : 'नम् म्यो हो रेंगे क्यो'. वर्ध्याच्या खेडूताच्या कानी पडलेली ही पहिली जपानी भाषा. तिचा अर्थ लावला तर ती परकी राहत नाही. 'नमु' हे आपलेच 'नमो'. 'म्योहो' म्हणजे सद्धर्म, 'रेंगे' म्हणजे कमळ, 'क्यो' म्हणजे सूत्र. सद्धर्मपुंडरीक सूत्राला नमस्कार, एवढाच त्याचा अर्थ. मूळ संस्कृत ग्रंथ कुमारजीवाने इसवी सन ४०६ मध्ये चिनी भाषेत नेला, चीनमधून तो जपानात गेला, तेराव्या शतकात निचिरेन या आचार्याने त्याच्या नावाचाच मंत्र केला, आणि इतकी प्रदक्षिणा करून तो शब्द वर्ध्याला माहेरी आला.

बापूंच्या मोजक्या चीजवस्तूंत तीन माकडांची मूर्ती होती, ती तुम्ही चित्रांत पाहिली असेल. त्या कल्पनेतही जपानी भाषेची एक गंमत आहे. 'मिझारु, किकाझारु, इवाझारु', म्हणजे पाहत नाही, ऐकत नाही, बोलत नाही. नकाराचा 'झारु' हा प्रत्यय आणि माकडाचे नाव 'सारु' यांचा उच्चार जवळचा, म्हणून त्या शब्दांची तीन माकडे झाली. निक्को येथील देवळावर सतराव्या शतकात कोरलेली ही माकडे आजही आहेत.

पण जपान म्हणजे केवळ डफ आणि शांती, असे सांगितले तर ती फसवणूक होईल. १९३७ साली जपानी फौजा चीनमध्ये घुसल्या. १९४२ ते १९४५ या काळात अंदमान त्यांच्या ताब्यात होते आणि तेथल्या लोकांनी फार सोसले. सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या कामावर त्यांनी मलायातल्या मळ्यांतून हजारो तमिळ मजूर नेले. त्यांतले कितीतरी परत आले नाहीत. डिसेंबर १९४१ मध्ये युद्ध पेटताच आश्रमातल्या जपानी भिक्षूलाही सरकारने पकडून नेले. जुलै १९४२ मध्ये गांधीजींनी सेवाग्रामहून जपानी जनतेला उद्देशून एक अनावृत पत्र लिहिले. त्यात त्यांनी त्या भिक्षूची आठवण प्रेमाने काढली आणि चीनवरील आक्रमणाचा स्पष्ट शब्दांत निषेधही केला. ज्याच्या डफावर प्रेम केले त्याच्या देशाच्या तोफेला त्यांनी दोष दिला. मैत्री कशी असावी, याचा हा धडा आहे.

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. तो फूजीगुरुजींचा साठावा वाढदिवस. त्यानंतर त्यांनी उरलेले आयुष्य शांतिस्तूप उभारण्यात घालविले. पहिला कुमामोतोला १९५४ साली झाला, राजगीरचा १९६९ साली. १९८५ च्या जानेवारीत, शंभरीला थोडे महिने उरले असता, ते निवर्तले. वर्ध्याला गीताई मंदिराजवळचा पांढराशुभ्र विश्वशांती स्तूप १९९३ साली पूर्ण झाला. पलीकडे नागपुरात, १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध झालेल्या आपल्या बांधवांमध्ये, १९६६ साली भारतात आलेले भदन्त सुरई ससाई हे जपानी भिक्षू नागपूरकरच होऊन राहिले. कामठीचे ड्रॅगन पॅलेस मंदिरही जपानी भगिनीच्या दानातून १९९९ साली उभे राहिले. तेव्हा जपान आपल्याला वाटतो तितका लांब नाही.

भाषा : शेवटी 'का'

आता बोलीकडे वळू. जपानी लिपी अवघड आहे, हे खरे. चिनी चित्राक्षरे हजारोंनी शिकावी लागतात. परंतु त्यांच्या जोडीला 'काना' नावाची जी अक्षरमाला आहे, तिचा क्रम ऐका : आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आपल्या बाराखडीची ही सावलीच आहे. बौद्ध भिक्षू मंत्रांसाठी सिद्धम् लिपीतून संस्कृत शिकत. त्या अभ्यासातून हा क्रम तेथे रुजला. त्यांचा 'ह' वर्ग पूर्वी 'प' सारखा उच्चारला जाई, म्हणून तो 'न' आणि 'म' यांच्यामध्ये बसला आहे. एवढे ध्यानात घेतले की आपल्या वर्णमालेशी मेळ सहज जमतो.

वाक्याची ठेवणही मराठी माणसाला सोयीची आहे. क्रियापद शेवटी येते आणि विभक्तीसारखे प्रत्यय नामाच्या मागे लागतात. 'मिझु ओ नोमिमास का?' 'मिझु' म्हणजे पाणी, 'ओ' हा कर्माचा प्रत्यय, 'नोमिमास' म्हणजे पिता, आणि 'का' म्हणजे आपला 'का'. पाणी पिता का? प्रश्नाचा 'का' दोन्ही भाषांत वाक्याच्या शेवटी यावा हा निव्वळ योगायोग, पण शिकणाऱ्याला केवढा आधार! शिवाय क्रियापदाला लिंग नाही. पुरुष पितो आणि बाई पिते, दोघांनाही 'नोमिमास'च.

सकाळी भेटल्यावर 'ओहायो गोझाइमास'. त्यात 'लवकर आलात' असा भाव आहे. दुपारी 'कोन्निचिवा', संध्याकाळी 'कोम्बान्वा'. आभार मानायचे तर 'आरिगातो गोझाइमास'. 'सुमिमासेन' हा शब्द क्षमा मागतानाही वापरतात आणि उपकार स्मरतानाही. त्याचा मूळ भाव 'फिटत नाही' असा आहे. दुसऱ्याच्या नावापुढे 'सान' लावावे, जसे आपण 'राव' किंवा 'ताई' लावतो. स्वतःच्या नावापुढे कधीही लावू नये.

घरून निघणारा माणूस म्हणतो, 'इत्तेकिमास', म्हणजे जाऊन येतो. आपल्या घरी 'जातो' म्हटले की आजी रागावते, 'येतो म्हण'. तेच हे. घरातली माणसे म्हणतात, 'इत्तेराश्शाइ', जाऊन या. परतल्यावर 'तादाइमा', आत्ताच आलो. आणि घरातून उत्तर येते, 'ओकाएरी नासाइ', या, आलात का. रात्रपाळीवरून परत येणाऱ्या माणसाला या दोन शब्दांची किंमत सांगावी लागत नाही.

पण मला सर्वांत आवडलेला शब्द 'ओत्सुकारेसामा'. पाळी संपली की सोबती एकमेकांना हे म्हणतात. त्याचा अर्थ 'दमलात' असा होतो, आणि त्यात आदर आहे. दुसऱ्याच्या थकव्याला नमस्कार करणारा हा शब्द आहे. आपल्याकडे थकल्याभागल्याची विचारपूस घरात होते; कामाच्या जागी ती रोजची रीत झालेली मी फार थोड्या ठिकाणी पाहिली.

एका शब्दाची मात्र मौज सांगतो. संस्कृत 'दान' हा शब्द बौद्ध धर्माबरोबर जपानला गेला आणि 'दान्ना' झाला. आधी दान देणारा यजमान, मग आश्रयदाता, आणि शेवटी मालक. बायका नवऱ्यालाही दान्ना म्हणतात. देणाऱ्याचा मालक कसा होतो, याचा इतिहास एका शब्दात सापडला.

उंबरठा, ताट आणि सण

चालीरीती पाहिल्या तर निम्म्या ओळखीच्या निघतात. उंबरठ्याशी पादत्राणे काढूनच घरात जायचे. विसाव्याची खोली असो की देऊळ, नियम तोच. स्नानाची रीत वेगळी आहे. आधी बाहेर बसून अंग स्वच्छ धुवायचे, मग ऊन पाण्याच्या खोल टाकीत शांत बसायचे. त्या पाण्यात घरातली माणसे पाठोपाठ बसतात, म्हणून त्यात साबण न्यायचा नाही. भेटताना हात मिळवीत नाहीत, कमरेतून वाकतात; जितका मान मोठा तितके अधिक वाकणे. काही द्यायचे-घ्यायचे ते दोन्ही हातांनी.

जेवायला बसले की हात जोडून 'इतादाकिमास' म्हणतात, म्हणजे 'नम्रपणे स्वीकारतो'. जेवण झाल्यावर 'गोचिसोसामा'. त्या शब्दाच्या मुळाशी धावपळ आहे; आपल्यासाठी कोणीतरी पायपीट करून हे अन्न जमविले, याची ती जाणीव. भाताला 'गोहान' म्हणतात आणि जेवणालाही 'गोहान'च, जशी आपली भाकरी ताटातलीही असते आणि पोटापाण्याचीही. भातात काड्या उभ्या खोचून ठेवू नयेत. तसा भात मृतासाठी ठेवतात. जेवण वाढणाऱ्याला बक्षिसी देण्याची रीत नाही. काम चोख करणे हा त्याचा मान आहे, असे समजतात.

ऑगस्टात 'ओबोन' येतो. पूर्वज घरी येतात, त्यांच्यासाठी दिवे लावतात, नाच होतो आणि निरोपाचे दिवे पाण्यावर सोडतात. आपला पितृपक्ष गंभीर, त्यांचा आनंदी. माणूस गेला तरी नाते जात नाही, ही समजूत एकच. वसंतात चेरीचा बहर पाहायला सारे गाव झाडाखाली जमते, त्याला 'हानामी' म्हणतात. इकडे पळस पेटतो तेव्हा आपण व्याख्यानमाला भरवितो. तेही एक पुष्पदर्शनच.

आणि २३ नोव्हेंबर. पूर्वी हा नव्या धान्याच्या नैवेद्याचा दिवस होता, आपल्या नवान्नासारखा. १९४८ साली त्याचे नाव 'किन्रो कान्शा नो हि' असे ठेवले, म्हणजे श्रमाविषयी कृतज्ञतेचा दिवस. त्या दिवशी सबंध राष्ट्राला सुट्टी असते.

काळ्या फितीची गोष्ट

इतकी नम्रता, इतके वाकणे पाहून कोणालाही वाटेल की मालकांची गोष्ट खरी असावी. म्हणून आता इतिहास ऐका.

जपानातला पहिला नोंदलेला संप १८८६ च्या जूनमध्ये कोफू येथील रेशीम कारखान्यात झाला, आणि तो केला मुलींनी. मालकांनी वेळ वाढविली आणि मजुरी कापली, तेव्हा त्या उठल्या, एका देवळात जाऊन बसल्या, आणि काही मागण्या पदरात पाडूनच कामावर आल्या. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची पहिली संघटना बांधली ती १८८४ साली. दोन्ही देशांच्या चळवळी जवळजवळ एकाच वयाच्या आहेत. १९१२ साली सुझुकी बुन्जी यांनी पंधरा जणांनिशी 'यूआइकाइ' नावाचा बंधुभाव संघ काढला, त्यातून कामगार महासंघ वाढला. १९२१ साली कोबेच्या जहाजबांधणी कारखान्यांत सुमारे तीस हजार कामगारांनी लढा दिला. आपल्या गाठी उतरत तेच हे कोबे बंदर.

महायुद्धानंतर, १९४५ च्या डिसेंबरात, संघटनेचा कायदा झाला आणि १९४७ पासून राज्यघटनेनेच संघटनेचा व सामुदायिक वाटाघाटीचा हक्क दिला. पण कागदावरचा हक्क वसतिगृहाच्या दारातून आत यायला वेळ लागतो. १९५४ साली ओमी केन्शी या सूत कंपनीच्या कामगारांनी, ज्यांत मुलीच अधिक होत्या, १०६ दिवसांचा संप केला. त्यांच्या मागण्या वाचून मी थक्क झालो. आमची पत्रे फोडू नका. आमच्या सामानाची झडती घेऊ नका. लग्न करण्याची मोकळीक द्या. मालकाच्या धर्माची प्रार्थना आमच्यावर सक्तीने लादू नका. पगाराच्याही आधी माणुसकीची मागणी होती. सारा देश त्यांच्या पाठीशी उभा राहिला आणि त्या जिंकल्या. १९६० साली मिइके कोळसा खाणीच्या कामगारांनी सामुदायिक कपातीविरुद्ध जवळजवळ वर्षभर झुंज दिली. ते हरले, पण गप्प बसून हरले नाहीत.

आणि आजच्या सभेला साजेशी गोष्ट म्हणजे 'शुन्तो'. 'शुन्' म्हणजे वसंत, 'तो' म्हणजे लढा. १९५५ साली आठ उद्योगांतील संघटनांनी ठरविले, की प्रत्येकाने वेगवेगळे भांडण्याऐवजी एप्रिलचे नवे वर्ष सुरू होण्याआधी, वसंतात, सर्वांनी एकदम वेतनवाढ मागायची. बलवान उद्योगाने आधी दर मिळवायचा, दुबळ्याने त्याच्या आधाराने आपला वाढवायचा. तेव्हापासून दर वसंतात तेथे शुन्तो होतो. चेरी फुलते आणि मागणीपत्रेही फुलतात.

काळी फीत किंवा दंडपट्टी तेथले कामगार बांधतात, हे खरे आहे. ती निषेधाची खूण आहे आणि पुष्कळदा संपाच्या आधीची पायरी आहे. दुप्पट माल काढण्याचे शेपूट तिला इकडे जोडले गेले. हेही सांगितले पाहिजे की १९७५ नंतर तेथे संप फार कमी झाले. कंपनीनिहाय संघटना, कायम नोकरीचा भरवसा आणि कंपनीशी एकनिष्ठेचे संस्कार ही त्याची कारणे. त्या शांततेची किंमत काय पडली, तेही त्यांच्याच भाषेत आहे. अतिकामाने येणाऱ्या मृत्यूला जपानीत स्वतंत्र शब्द आहे : 'कारोशी'. तो टाळण्यासाठी २०१४ साली त्यांना खास कायदा करावा लागला. 'ओत्सुकारेसामा' म्हणणाऱ्या समाजातच 'कारोशी' हा शब्द जन्मावा, यात मोठा बोध आहे. गोड शब्दाने थकव्याला मान मिळतो, पण विश्रांतीचे तास मिळवायला संघटनाच लागते.

जाणाऱ्यांसाठी

हे सारे आज सांगण्याचे प्रयोजन आहे. जपानात म्हातारी माणसे वाढली, काम करणारे हात कमी पडू लागले. जानेवारी २०२१ मध्ये भारत आणि जपान यांच्यात कुशल कामगार पाठविण्यासंबंधी सहकार्याचा करार झाला. आपल्याकडची मुलेमुली जपानी भाषेच्या परीक्षांना बसतात. त्यांच्या पाच पायऱ्या आहेत, खालची पाचवी आणि वरची पहिली. एके काळी येथून गाठी गेल्या, आता माणसे जातील. गाठीला भाषा येत नव्हती, तिचा भाव दुसऱ्यांनी ठरविला. माणसाला भाषा येते.

म्हणून जाणाऱ्या प्रत्येकाने अवश्य वाकावे, 'आरिगातो' म्हणावे, उंबरठ्याशी जोडे काढावेत. पण आणखी तीन गोष्टी पाठ कराव्यात. 'हाइ' म्हणजे 'होय', हे पुस्तकात असते. व्यवहारात पुष्कळदा तो 'ऐकतो आहे' एवढाच हुंकार असतो. तेव्हा समोरच्याचे 'हाइ' ऐकून करार झाला असे समजू नये आणि आपणही न समजता 'हाइ' म्हणू नये. दुसरी गोष्ट, नकाराचा शब्द 'ईए'. तो सौम्यपणे उच्चारता येतो, पण आला पाहिजे. तिसरी, 'रोदो कुमिआइ', म्हणजे कामगार संघटना. परक्या गावात दवाखाना कोठे आहे हे जसे आधी विचारून ठेवतात, तसे हेही विचारून ठेवावे.

धोंडो केशव कर्व्यांच्या हाती तोक्योच्या महिला विद्यापीठाची एक लहानशी पुस्तिका आली आणि तिच्या प्रेरणेने १९१६ साली आपल्याकडे महिला विद्यापीठ उभे राहिले. दुसऱ्या देशाकडून घ्यायचे ते असे, पारखून आणि आपल्या गरजेला जोडून. जपानकडून आपण कामाचा चोखपणा घ्यावा, थकलेल्याला नमस्कार करण्याची रीत घ्यावी आणि वसंतातला एकजुटीचा लढाही घ्यावा. पहिल्या दोन गोष्टी सांगणारे पुष्कळ भेटतील. तिसरी राहून जाऊ नये, म्हणून मी आज ती येथे सांगितली.

आपण सर्वांनी दिवसभराच्या कामानंतर येथे येऊन इतका वेळ शांतपणे ऐकले. आपणा सर्वांना त्या दूरच्या सोबत्यांच्या शब्दांत म्हणतो, ओत्सुकारेसामा.